मला धडधडते



हा निबंध वाचण्यापूर्वी एक लहानसे काम करा. भीती व्यक्त करणारे जेवढे मराठी वाक्प्रचार आठवतील तेवढे एका कागदावर लिहून काढा. छातीत धडकी भरणे, काळजाचे पाणी होणे, हातपाय गळणे, घशाला कोरड पडणे, बोबडी वळणे, अंगावर काटा उभा राहणे, पोटात गोळा येणे, दरदरून घाम सुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, पायाखालची जमीन सरकणे... यादी बघता बघता वाढत जाते. आता ती पुन्हा एकदा वाचा. ‘भीती’ हा शब्द तीत जवळजवळ आढळत नाही. आढळतात ते छाती, काळीज, हात, पाय, घसा, जीभ, पोट आणि त्वचा. भीती म्हणजे काय, हे सांगण्याची वेळ आली तेव्हा मराठी माणसाने आपल्या देहाकडे बोट दाखवले आहे.

यादीतला शेवटचा वाक्प्रचार त्यांत थोडा वेगळा आहे. ‘पायाखालची जमीन सरकणे’ हे आपण लक्षणेचे उदाहरण म्हणून शिकतो, कारण वाच्यार्थ घेतला तर वाक्य जुळत नाही. मी डहाणू तालुक्यातील सरावलीची. आमच्या भागात नोव्हेंबर २०१८ पासून हा वाक्प्रचार वाच्यार्थाने वापरण्याची वेळ आली.

त्या महिन्यात डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीचा परिसर तिच्या मध्यभागी होता. एक मोठा भूकंप आणि त्यानंतरचे लहान धक्के, असा हा प्रकार नव्हता. लहान-मध्यम धक्केच एकामागून एक, आठवडेच्या आठवडे, येत राहिले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक यंत्रे बसवली. प्रशासनाने तंबू दिले आणि थंडीच्या दिवसांत माणसे लेकराबाळांसह घराबाहेर झोपू लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चाराहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी एका दोन वर्षांच्या बालिकेचा मृत्यू झाला. तिच्या अंगावर घर कोसळले नव्हते. घाबरून बाहेर धावताना ती पडली होती. धक्क्याइतकीच धक्क्याची भीतीही जीवघेणी ठरू शकते, हे त्या दिवशी आम्हांला कळले. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्यांना आठवत होता, त्यांच्या मनात तर प्रत्येक लहान धक्क्यामागे एक मोठा धक्का उभा होता.

त्या दिवसांत आमच्या घरी उशाजवळ पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवण्याची पद्धत पडली. रात्री जाग आली की आधी पेल्याकडे पाहायचे. पाणी हलत असेल तर उठून अंगणात जायचे. पुढे पुढे असे होऊ लागले की खाट हलल्याचे स्पष्ट जाणवे, छाती धडधडू लागे, तळहातांना घाम येई. आणि बॅटरीच्या उजेडात पाहावे तर पेल्यातले पाणी आरशासारखे स्थिर असे. शेजारच्या घरांतही हाच अनुभव होता. जमीन शांत होती; थरथरत होतो ते आम्ही.

धक्के विरळ झाले आणि जो तो आपापल्या कामाला लागला. मी रोज डहाणू रोडहून लोकलने पालघरकडे नोकरीसाठी जात असे. २०१९ च्या पावसाळ्यात एका सकाळी वाणगाव स्टेशन सुटले आणि बोईसर यायच्या आत, कोणतेही कारण नसताना, माझ्या छातीत एकाएकी धडधडू लागले. श्वास पुरेनासा झाला. बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या. डब्यातला उजेड डोळ्यांना खुपू लागला आणि समोर बसलेल्या बायकांचे बोलणे काचेपलीकडून आल्यासारखे दूरचे वाटू लागले. मनात एकच वाक्य होते : मी मरते आहे. दहा-पंधरा मिनिटांत हे सारे जसे आले तसे ओसरले. मात्र पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले आणि त्यानंतर वाणगाव स्टेशन आले की ते येणार याचीच धास्ती वाटू लागली.

डॉक्टरांनी नाडी, रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड, हे सर्व तपासले. सर्व ठीक होते. मग त्यांनी मला समोर बसवून जे समजावून सांगितले ते येथे थोडक्यात मांडते, कारण तुमच्यापैकी अनेकांना ते परीक्षागृहात, बसमध्ये किंवा मध्यरात्री अंथरुणात उपयोगी पडणार आहे.

अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की संकट समोर दिसताच प्राण्याचे शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते. मूत्रपिंडांवरच्या लहानशा ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनालिन रक्तात सोडले जाते. धावायचे तर स्नायूंना अधिक रक्त हवे, म्हणून हृदय जोराने धडधडते. अधिक प्राणवायू हवा, म्हणून श्वास जलद होतो. अंग तापू नये म्हणून घाम सुटतो. त्या क्षणी अन्न पचविणे महत्त्वाचे नसते. म्हणून लाळ आटते, घशाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. रक्त त्वचेकडून स्नायूंकडे वळते, म्हणून हात गार पडतात आणि चेहरा पांढरा दिसतो. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, म्हणून उजेड खुपतो. आपण सुरुवातीला केलेली वाक्प्रचारांची यादी आता पुन्हा पाहा. शरीरशास्त्राच्या पुस्तकातले हे प्रकरण आपल्या पूर्वजांनी प्रयोगशाळेवाचून लिहून ठेवले आहे.

राहिल्या मुंग्या आणि चक्कर. आपण बसलेल्या जागी धावणाऱ्या माणसासारखा जलद श्वास घेतो तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. त्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या काहीशा आकुंचित होतात, डोके हलके होते, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. विचित्र गोष्ट अशी की यावेळी हवा जास्त घेतली जात असते आणि वाटते मात्र ती कमी पडते आहे असे. म्हणून माणूस आणखी जोराने श्वास ओढतो आणि लक्षणे आणखी वाढतात. आपण बेशुद्ध पडू, ही भीतीही जवळजवळ प्रत्येकाला वाटते. परंतु बेशुद्धी साधारणतः रक्तदाब एकदम घसरल्याने येते आणि अशा वेळी तो बहुधा वाढलेला असतो. म्हणून या झटक्यात शुद्ध हरपणे क्वचितच घडते. झटका काही मिनिटांत टोकाला पोहोचतो आणि मग ओसरतो.

आता साहित्यशास्त्राकडे वळू. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. शरीर थिजणे, घाम, काटा, आवाज फुटणे, कंप, रंग उडणे, डोळे भरणे आणि भान जाणे. परीक्षेसाठी आपण ही नावे पाठ करतो. पण ती एखाद्या दक्ष वैद्याच्या टिपणवहीतली वाटतात. तेहतीस व्यभिचारी भावांमध्ये ‘त्रास’ हा एक भाव आहे आणि तेथे त्याचा अर्थ वीज कडाडल्याने किंवा मेघगर्जनेने होणारा आकस्मिक भयकंप असा आहे. आजच्या मराठीत हा शब्द ‘उपद्रव’ या अर्थापर्यंत येऊन पोहोचला आहे. अर्थपरिवर्तनाचे हे उदाहरण लक्षात ठेवा. परीक्षेतही कामी येईल.

रसप्रक्रियेत भयाला विभाव लागतो. व्याघ्र, अरण्य, शत्रू, काळोख असे काहीतरी कारण हवे. त्यानंतर कंप, स्वेद इत्यादी अनुभाव दिसतात. ज्याला इंग्रजीत आणि आता मराठी बोलण्यातही पॅनिक अटॅक म्हणतात, त्याची अडचण रसशास्त्राच्या भाषेत नेमकी सांगता येते : अनुभाव सगळे हजर आहेत आणि विभाव कुठेच नाही. घाम आहे, कंप आहे, धडधड आहे. वाघ मात्र नाही. मनाला हे सहन होत नाही. ते विभाव शोधू लागते, आणि बाहेर काही सापडले नाही की त्याची दृष्टी जवळच्याच वस्तूवर पडते, ती म्हणजे आपले स्वतःचे हृदय. धडधडणारे हृदय हेच भयाचे कारण ठरते. त्या भीतीने अ‍ॅड्रेनालिन वाढते, त्यामुळे धडधड वाढते आणि वाढलेल्या धडधडीने भीती वाढते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हे चक्र आपल्या विषयाच्या परिभाषेत मांडले. देहातल्या साध्या संवेदनांचा ‘आता सर्वनाश’ असा अर्थ लावणे, हे त्यांच्या मते या झटक्याचे मूळ आहे. म्हणजे प्रश्न अर्थ लावण्याचा आहे. आणि अर्थ लावणे हा तर तुमचा-माझा, भाषेच्या विद्यार्थ्यांचा, विषय.

येथे मला व्याकरणाने जो आधार दिला तो सांगते. प्रयोगविचारात तुम्ही भावकर्तरी प्रयोग शिकला असाल. ‘मला मळमळते’ आणि ‘आज सारखे गडगडते’ ही त्याची ठरलेली उदाहरणे आहेत. या वाक्यांत कर्ता शोधू गेल्यास सापडत नाही. क्रियेचा भाव हाच कर्ता मानावा लागतो. वर्षानुवर्षे ही दोन उदाहरणे मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत आले. पोटातली मळमळ आणि आभाळातला गडगडाट मराठीने एकाच वर्गात का बसवले असावेत? कारण दोन्ही गोष्टी कोणी करत नाही, त्या होतात. ‘उजाडले’, ‘सांजावले’ ही याच घरातली क्रियापदे. ‘मला धडधडते’, ‘मला गरगरते’, ‘मला कसेसेच होते’ ही वाक्येही याच घरातली.

जेथे कर्ता सापडतो, तेथेही मराठीची रीत पाहण्यासारखी आहे. मला घाम येतो, मला धाप लागते, मला कापरे भरते, मला भीती वाटते. येणारा घाम आहे, लागणारी धाप आहे, भरणारे कापरे आहे. अनुभव घेणारा ‘मी’ चतुर्थीत, थोडा बाजूला उभा आहे. त्याच्याकडे काहीतरी आले आहे. तो स्वतः ते नाही. आणि ‘येणे’ या क्रियापदाच्या पोटात ‘जाणे’ असतेच. घाम येतो आणि जातो, चक्कर येते आणि जाते, पाऊस येतो आणि जातो.

झटका येतो तेव्हा मन ही रचना गुपचूप बदलते. ‘मला धडधडते आहे’ या वाक्याच्या जागी ‘मी मरते आहे’ हे वाक्य येऊन बसते. चतुर्थीतला ‘मी’ प्रथमेत ओढला जातो, हवामानाचे वर्णन करणारे क्रियापद निघून जाते आणि निकाल देणारे क्रियापद येते. पहिले वाक्य निरीक्षण आहे, दुसरे अनुमान आहे. भाषाविज्ञानात पहिल्याच वर्षी शिकवले जाते की नोंद आणि तिचा अर्थ वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत.

तलासरीकडची माझी एक विद्यार्थिनी होती. दिवसा नोकरी, घरी दोन मुले, आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. दोन वेळा ती प्रश्नपत्रिका हाती पडल्यावर पंधरा मिनिटांत परीक्षागृहातून उठून गेली होती. अभ्यास झालेला होता. भगताकडे जाऊन झाले होते, दवाखान्यातल्या तपासण्याही झाल्या होत्या. घरचे म्हणू लागले होते की हे शिक्षण तिला झेपत नाही, आता फी भरू नये. संपर्कसत्रानंतर ती थांबली आणि म्हणाली, “मॅडम, आत कोणीतरी ढोल वाजवतंय असं होतं. मग वाटतं, आता मी संपले.” तिची दोन वाक्ये मी फळ्यावर लिहिली आणि क्रियापदांखाली रेघा मारल्या : ‘होतं’ आणि ‘संपले’. ढोल वाजतो हे खरे. संपले हे कोणी ठरवले? तिने बराच वेळ फळ्याकडे पाहिले.

पुढचे दोन महिने आम्ही जे केले ते सांगते. तिने एक वही केली. ढोल वाजू लागला की नंतर बसून फक्त ‘मला’ने सुरू होणारी वाक्ये लिहायची : मला धडधडले, मला घाम सुटला, मला मुंग्या आल्या. पुढे वेळ लिहायची : केव्हा सुरू झाले, केव्हा ओसरले. चार-पाच नोंदींनंतर तिला स्वतःच दिसू लागले की एकही ढोल तासभर वाजत नाही. श्वास मोठा घेण्यापेक्षा सावकाश सोडण्याचा सराव तिने केला : चार अंक मोजेपर्यंत नाकाने आत, सहा अंक मोजेपर्यंत बाहेर, पोट सैल ठेवून, दिवसातून दोन वेळा, काही होत नसतानाही. रिकाम्या पोटी दोन-तीन कप चहा घेऊन परीक्षेला जाण्याची सवय मोडली, कारण चहातले कॅफीनही हृदयाची गती वाढवते. सर्वांत अवघड अट शेवटची होती : झटका आला तरी जागेवरून उठायचे नाही. उठून गेले की सुटका होते खरी. पण मेंदू एवढेच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो घंटा आणखी लवकर वाजवतो. बसून राहिले आणि लाट ओसरताना पाहिली, तरच त्याला कळते की येथे वाघ नव्हता.

तिसऱ्या वेळी तिला परीक्षागृहात झटका आलाच. तो येऊ नये अशी आमची अपेक्षाही नव्हती. तिने पेन खाली ठेवले, दोन्ही पावले फरशीवर टेकवली, उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या कच्च्या पानावर ‘मला धडधडते आहे’ असे लिहिले आणि श्वास मोजत बसली. काही वेळाने ते वाक्य खोडून तिने पहिला प्रश्न सोडवायला घेतला. तिचा तो विषय सुटला.

आता एक इशारा, आणि तो या निबंधातल्या इतर कोणत्याही वाक्याइतकाच महत्त्वाचा आहे. छातीत दुखणे, श्वास कोंडणे, घाम फुटणे ही लक्षणे हृदयविकाराचीही असतात. भाषेलाही या जवळिकीची जाण आहे. वेदांतला ‘अंहस्’ हा शब्द अरुंदपणा, कोंडी, संकट या अर्थांचा आहे. लॅटिनमधला ‘अरुंद’ या अर्थाचा ‘अँगुस्तुस’ आणि जर्मनमधला ‘भीती’ या अर्थाचा ‘आंग्स्ट’ हे त्याचेच भाऊबंद. हृदयाच्या दुखण्याला डॉक्टर ‘अंजायना’ म्हणतात आणि चिंतेला ‘अँक्झायटी’. हे दोन्ही शब्द याच कुळातले. छातीची कोंडी दोन्हींत सारखीच जाणवते. म्हणून हा अनुभव पहिल्यांदा आला असेल, किंवा दुखणे हातात, जबड्यात पसरत असेल, किंवा श्रम केल्यावर येत असेल, तर व्याकरणाचा विचार करत बसू नका; तत्काळ रुग्णालय गाठा. रक्तक्षय, थायरॉइड आणि दमा यांतही धडधड किंवा धाप असते. हे सारे नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावरच वर सांगितलेला मार्ग तुमचा.

झटके वारंवार येत असतील आणि त्यांच्या धास्तीने तुम्ही प्रवास, बाजार, वर्ग टाळू लागला असाल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. बोलण्याची उपचारपद्धती आणि औषधे, दोन्हींचा या आजारात चांगला उपयोग होतो. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते, मराठीतही. आमच्या भागासारख्या ठिकाणी, जेथे तज्ज्ञाकडे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, तेथे हा क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

आणखी एक सांगायचे राहिले. असा झटका येणारा माणूस तुमच्या शेजारी असेल, तर त्याला ‘घाबरू नकोस’ किंवा ‘काही झालेले नाही’ असे म्हणू नका. त्याला काहीतरी झालेले आहे. त्याचे हृदय खरोखर धडधडते आहे. त्याच्याजवळ बसा, त्याच्याबरोबर सावकाश श्वास सोडा आणि विचारा, “काय काय होतंय?” तो जे सांगेल ते ऐका. सांगता सांगता त्याच्या तोंडी ‘मला’ने सुरू होणारी वाक्ये येऊ लागतील.

या घटकाच्या शेवटी प्रयोगविचारावरचा स्वाध्याय आहे. भावकर्तरी प्रयोगाची पाच वाक्ये तेथे विचारली आहेत. पुस्तकातली उदाहरणे उतरवून काढू नका. दोन वाक्ये आभाळाची लिहा आणि तीन आपल्या देहाची, गेल्या महिन्याभरात स्वतः अनुभवलेली. प्रत्येक वाक्यापुढे लिहा, ते किती वेळाने ओसरले.